नाबोथाचा द्राक्षमळा आणि आमचे पत्रक

पैशांविषयी लिहावयास बसलो की आमचा हात जड होतो. वसईतील एका धर्मग्रामात आम्ही पाच-सहा प्रापंचिक मंडळी आणि एक धर्मभगिनी मिळून गेली सोळा वर्षे बायबल अभ्यासाचे एक आठ पानी मासिक पत्रक काढीत आहोत. ईयोबाच्या दुःखावर लिहिताना आम्ही फारसे अडखळलो नाही, संत पौलाच्या लांबलचक वाक्यांचा अर्थ लावतानाही कसेबसे निभावून नेले. परंतु 'पत्रकास साहाय्य करा' एवढे लिहावयाचे म्हटले की शब्द सापडत नाहीत. यंदा मात्र लिहिणे भाग आहे. या त्रैमासिकाच्या संपादकांनी त्यासाठी आपली पाने मोकळेपणाने देऊ केली, म्हणून प्रथम त्यांचे ऋण मान्य करतो आणि मग आमची जमाखर्चाची वही वाचकांपुढे उघडतो.

वही उघडण्याचे निमित्त एका जाहिरातीचे झाले. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अंकात आम्ही राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसावा अध्याय अभ्यासासाठी घेतला होता. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची ती कथा. इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा मळा होता आणि अहाब राजाला तो हवा होता. कशासाठी, तर भाजीपाला लावण्यासाठी! बायबलमध्ये हे कारण स्पष्ट दिले आहे, आणि आमच्या वाडीवाडीतील अभ्यासगटांत नेमक्या याच ओळीवर सर्वाधिक चर्चा झाली. केळी, पानवेल आणि भाजी यांवर ज्यांच्या तीन पिढ्या जगल्या, पहाटेच्या लोकलने ज्यांच्या आया-आज्यांनी दादरपर्यंत टोपल्या वाहिल्या, त्यांना भाजीच्या मळ्यासाठी होणारे राजकारण समजावून सांगावे लागत नाही. अहाबाने दुसरा चांगला मळा देऊ केला, रोख पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला की पूर्वजांचे वतन मी देणार नाही. यामागे लेवीय ग्रंथातील जमिनीचा नियम आहे. भूमी ही परमेश्वराची, माणूस तिच्यावर उपरा म्हणून राहणारा. म्हणून ती कायमची विकता येत नाही. पुढे ईजबेल राणीने राजाची मोहोर लावून पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि राजा मळा ताब्यात घेण्यास खाली उतरला. एलिया संदेष्टा त्याला तिथेच, मळ्यातच भेटला.

अंक वाटून आठ-दहा दिवस झाले असतील. एका बांधकाम व्यावसायिकाकडून एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. बोलणे अत्यंत नम्र. पत्रकाचा वर्षभराचा संपूर्ण खर्च देण्याची त्यांची तयारी होती. बदल्यात शेवटचे पान, दर महिन्यास, रंगीत. सोबत त्या पानाचा नमुनाही त्यांनी आणला होता. पूर्वी जिथे वाडी होती तिथे उभ्या राहणाऱ्या बहुमजली इमारतीचे चित्र आणि खाली नाताळच्या शुभेच्छा. सदर गृहस्थांनी आमचा सप्टेंबरचा अंक वाचला नव्हता हे उघड होते. त्यांचा दोष काढावा असे त्यात काही नव्हते. त्यांनी आपला व्यवसाय केला. प्रश्न आमच्यापुढे होता.

तीन संध्याकाळी आम्ही त्यावर बसलो. वाचकांना वाटेल, यात बसण्यासारखे काय आहे? १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईसाठी जी चळवळ झाली, ज्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, त्या भूमीतील बायबलच्या पत्रकाने असली जाहिरात घ्यावी काय? आम्हांसही पहिल्या संध्याकाळी असेच वाटले होते. परंतु आमच्यातील एका सहकाऱ्याने एज्राचा ग्रंथ उघडला. पारसाचा राजा कोरेश हा काही इस्राएलाच्या देवाचा उपासक नव्हता; तरी बंदिवासातून परतणाऱ्यांना मंदिराची भांडी त्याने दिली आणि बांधकामाला मदत केली. परतणाऱ्यांनी ती नाकारली नाही. मग कोरेशाचा पैसा चालतो आणि याचा का चालू नये? शिवाय, तो म्हणाला, आपणांपैकी कितीजणांची घरे वाड्या मोडून उभ्या राहिलेल्या इमारतींत आहेत ते आधी मोजा. आम्ही मोजली. सातांपैकी तीन.

यावर आम्ही गप्प झालो, आणि आजही त्या सहकाऱ्याला पूर्ण उत्तर देता येईल असा आमचा दावा नाही. एवढेच सुचले की कोरेशाने मंदिराच्या भिंतीवर आपली जाहिरात मागितली नव्हती. संत पौलाच्या वागण्यातूनही थोडी वाट दिसली. फिलिप्पै येथील मंडळींकडून पौल मदत स्वीकारतो आणि त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानतो. करिंथमध्ये मात्र तो स्वतःसाठी काही घेत नाही, मासेदोनियाहून आलेल्या बंधूंनी आपली गरज भागविली असे तो करिंथकरांनाच लिहून कळवितो. पैसा घेण्याचा हक्क आहे असे म्हणतो आणि तरीही कुठे घ्यावयाचा, कुठे नाही, हे स्वतः ठरवितो. शेवटी मते घेतली. चार विरुद्ध, दोन बाजूने, एक तटस्थ. जाहिरात नाकारली. एज्राचा ग्रंथ उघडणारा आमचा सहकारी त्यानंतर बैठकीस आलेला नाही. वर्गणी मात्र त्याने नेमाने भरली आहे. त्याची खुर्ची अजून आम्ही कोणाला दिलेली नाही.

नकार देणे सोपे, त्याची किंमत मोजणे कठीण. ती किंमत पुढीलप्रमाणे. आम्ही सहाशे प्रती काढतो. त्यांपैकी साडेचारशे वर्गणीदारांकडे जातात. दीडशे प्रती अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना, रुग्णालयांत आणि आदिवासी मुलांच्या वसतिगृहांत विनामूल्य दिल्या जातात. वार्षिक वर्गणी १०० रुपये आहे. खर्च मात्र प्रत्येक प्रतीमागे वर्षाला १६५ रुपये येतो. गेल्या वर्षी कागद आणि छपाईचे ६२ हजार, टपाल आणि वाहतुकीचे २४ हजार, अक्षरजुळणी व मुद्रितशोधनाचे १३ हजार, एकूण ९९ हजार रुपये झाले. जमा ४५ हजार. उरलेले ५४ हजार कोठून आले? काही आमच्या पदरचे, काही एका धर्मगुरूंनी आपल्या रौप्यमहोत्सवी भेटीतून दिलेले, आणि उरलेले अद्याप छापखान्याचे देणे आहे. लेखनाचे मानधन या हिशेबात नाही, कारण ते कोणासच दिले जात नाही.

वर्गणी १६५ करा, प्रश्न मिटेल, असे आम्हांस सुचविण्यात आले आहे. कदाचित तसे करावेही लागेल. पण जी दीडशे माणसे वर्गणी देऊ शकत नाहीत, त्यांच्या प्रती वर्गणीच्या हिशेबात कधीच बसणार नाहीत, आणि त्या बंद करण्यास आमच्यातील कोणीही तयार नाही.

हे पत्रक हवे तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्हांस वाईट वाटणार नाही. आमच्या आधीच्या पिढीने मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. जपमाळ हाती, ओठांवर प्रार्थना, आणि बायबल असलेच तर कपड्यात गुंडाळून क्रूसाजवळ ठेवलेले. त्या श्रद्धेला आम्ही उणे लेखीत नाही. तिनेच आम्हांस वाढविले. परंतु द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांसाठी सताड उघडावे, असे सांगितले. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र त्यानंतर आले. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. योहान मधूनमधून आणि विशेषेकरून पास्काच्या काळात. पोप फ्रान्सिस यांनी तर ३० सप्टेंबर २०१९ रोजी, संत जेरोम यांच्या सणाच्या दिवशी, वर्षातील एक रविवार खास प्रभुशब्दासाठी राखून ठेवला. दार उघडले खरे. आत शिरल्यावर कोणत्या खोलीत काय आहे, हे सांगणारे कोणी तरी सोबत लागते.

मराठीत ही सोबत पूर्वी नव्हती असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण रचले ते नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना तारणाची कथा आपल्या भाषेत गाता यावी म्हणून. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. 'निरोप्या' १९०३ साली निघाला. २०१० साली फादर दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले, तेव्हा आमच्या एका वर्गणीदाराने प्रामाणिकपणे विचारले होते, "आता सगळे सोपे मराठीत आले, मग तुमच्या आठ पानांची गरज काय?" आम्ही त्यांना तोबितची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगतो.

आमच्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत जी बायबले होती, ती ६६ ग्रंथांची. कोणी कोठून स्वस्तात घेतलेली, कोणाला भेट म्हणून मिळालेली. एका महिन्यात आम्ही तोबितच्या ग्रंथातील विवाहाची प्रार्थना अभ्यासास दिली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आमच्या बायबलमध्ये हा ग्रंथ नाही! एका काकूंना तर वाटले की त्यांच्या प्रतीची पाने बांधणीत गळाली असावीत. त्या दुकानात परत देण्यास निघाल्या होत्या. कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत. तोबित, यहुदीथ, मक्काबींचे दोन, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारुख हे सात प्रोटेस्टंट प्रतींच्या जुन्या करारात येत नाहीत, हे आम्ही सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले होते. ते चुकले. पुढील चार अंकांत तोबितची संपूर्ण कथा सोप्या मराठीत दिली. आंधळा झालेला बाप, दूर देशी पैसे आणावयास निघालेला मुलगा, ओळख लपवून वाटेत सोबत करणारा राफाएल, आणि त्यांच्या मागे निघालेला तो कुत्रा, ज्याच्याविषयी मुलांनी सर्वाधिक प्रश्न पाठविले. त्या चार अंकांच्या प्रती आजही लोक मागतात. ग्रंथ घरात असणे वेगळे आणि तो कोणाबरोबर तरी उघडणे वेगळे.

तोबित आपल्या मुलाला दानाविषयी जे सांगतो ते आमच्या फार उपयोगी पडले. जवळ पुष्कळ असेल तर त्या मानाने द्यावे, थोडे असेल तर थोडे देण्यास भिऊ नये, असा त्याचा आशय आहे. 'भिऊ नये' हा शब्दप्रयोग आम्हांस मोठा मार्मिक वाटला. थोडे देणाऱ्यालाच भीती वाटते. मोठी रक्कम देणारा सहसा भीत नाही.

आता दानाविषयी लिहिताना मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेची दोन नाणी आठवणार, हे ओघानेच आले. मदतीच्या प्रत्येक आवाहनात ती बिचारी येतेच. परंतु आम्ही अभ्यासगटात तो बारावा अध्याय वाचला तेव्हा थोडे मागून वाचावयास सुरुवात केली होती. विधवा दानपेटीपाशी येते त्याच्या अगदी आधीच्या ओळींत प्रभू येशू कोणाविषयी बोलत आहेत? लांब झगे घालून मिरविणाऱ्या, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी. हा शेजार विसरून विधवेचे कौतुक करणाऱ्यांनी, आणि विशेषतः पत्रक चालविणाऱ्यांनी, सावध राहिले पाहिजे.

आमच्याकडे अशी एक विधवा होती. बाजारात भाजी विकणारी. वय सत्तरीच्या पुढे. वर्गणी एकदम भरणे तिला जमत नसे, म्हणून महिन्यास दहा रुपये आणून देई आणि अंक घेई. स्वतःला वाचता येत नव्हते. नात वाचून दाखवी. मार्कचा तो अध्याय वाचल्यानंतर आम्हांस अपराधी वाटू लागले आणि पुढच्या महिन्यात आम्ही तिचे दहा रुपये परत केले. म्हटले, "मावशी, तुम्हांला अंक तसाच मिळेल, पैसे राहू द्या." तिने नोट घेतली नाही. "का बाबा? माझी भाजी तू फुकट नेतोस काय?" आम्ही काही बोललो नाही, तेव्हा तीच पुढे म्हणाली, "मग तुझा कागद मी का फुकट नेऊ? नात वाचताना मी मध्येच विचारते, हे कोण, ते कोण. फुकट आणला असता तर विचारायला लाज वाटली असती." तिच्या मृत्यूपर्यंत आम्ही ते दहा रुपये घेतले. वहीत त्यांची नोंद वेगळी केलेली नाही. जमेच्या बाजूला इतरांच्या वर्गणीतच ते आहेत.

संत पौलाच्या पत्रांत पैशांचा विषय किती वारंवार येतो, हे आम्ही गेल्या वर्षी मुद्दाम तपासले. यरुशलेमच्या गरीब बंधुजनांसाठी त्याने उभारलेला निधी करिंथकरांच्या दोन्ही पत्रांत आणि रोमकरांच्या पत्रातही आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको, इतका व्यवहारी सल्ला तो देतो. करिंथकरांनी उत्साहाने सुरुवात केली होती आणि वर्ष उलटले तरी काम पुरे झालेले नव्हते. त्यांना पौल ज्या हळुवारपणे आठवण करून देतो, ते वाचताना आमच्या थकलेल्या वर्गण्यांची यादी डोळ्यांपुढे आली. आमची स्मरणपत्रे इतकी हळुवार नसतात, हे कबूल करतो. आणखी एक गोष्ट. एवढी रक्कम हाताळताना कोणी आपल्याला नावे ठेवू नयेत म्हणून तो तीताबरोबर आणखी बंधूंना पाठवितो. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ असावा, असे त्याचे म्हणणे. आमची वही दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी देवळाबाहेर पत्रकाच्या टेबलावर ठेवलेली असते ती याच कारणाने. आजवर ती उघडून पाहणारे थोडेच भेटले. यंदा अधिक भेटावेत.

पैसा केवळ गरिबांच्या पोटासाठी लागला असेही नाही. लूकच्या आठव्या अध्यायात येशूबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या स्त्रिया आहेत: मग्दालिया मरिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ. आपल्या मिळकतीतून त्या येशूची आणि शिष्यांची सोय पाहत. शुभवर्तमान गावोगाव पोहोचविण्याचा खर्च त्या काळीही होता आणि तो कोणी तरी करीत होते. रोमकरांस पत्राच्या अखेरीस तर्तियस नावाचा लेखनिक एका ओळीत स्वतःचा नमस्कार कळवून जातो. सुमारे ७,००० ग्रीक शब्दांचे ते पत्र त्याने लिहून घेतले. त्याच अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस आहे. तिने आपल्याला आणि पुष्कळांना आधार दिला, असे पौल म्हणतो. ते पत्र रोमला तिनेच नेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. लेखनिक आणि टपाल! आमच्या वहीच्या खर्चाच्या बाजूला आजही याच दोन बाबी आहेत, छापखाना तेवढा वाढला.

मोबाईलवर पाठवा, कागद वाचवा, ही सूचना तरुण वाचक करतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आम्ही तेच केले. जवळजवळ वर्षभर अंक मोबाईलवर गेला आणि मुंबई-पुण्याबाहेरच नव्हे, आखातात काम करणाऱ्या आमच्या मुलांपर्यंतही पोहोचला. तो मार्ग आम्ही बंद केलेला नाही. पण त्या वर्षी उत्तरपत्रिका आल्याच नाहीत. पत्रकाच्या शेवटच्या पानावर पाच प्रश्न असतात. त्यांची उत्तरे लिहून पान कापून देवळातील पेटीत टाकावयाचे. कागदी अंक पुन्हा सुरू झाला त्या महिन्यात पेटीत एकसष्ट पाने निघाली. त्यांतील एकावर हळदीचे बोट उमटले होते आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या उत्तरापेक्षा चांगले होते. जे शेवटचे पान आम्ही जाहिरातीस देऊ शकलो नाही, ते हेच पान.

तेव्हा आमची विनंती अशी. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनी ती भरावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी १६५ रुपये भरून आपल्या एका प्रतीचा पूर्ण खर्च उचलावा. ज्यांना अधिक शक्य आहे त्यांनी आपल्याबरोबर एका वसतिगृहाची किंवा अंथरुणास खिळलेल्या एखाद्या आजी-आजोबांची प्रत आपल्या नावावर घ्यावी. नाव छापले जाणार नाही. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्नाचा वाढदिवस किंवा मृतांच्या स्मरणाची मिस्सा अशा प्रसंगी एका अंकाचा खर्च देण्याची प्रथा दोन कुटुंबांनी सुरू केली आहे, तिचेही स्वागत आहे. ज्यांना पाच-दहा रुपयेच देता येतील, त्यांनी तेवढे द्यावेत आणि पावती मागून घ्यावी. बांधकाम व्यावसायिकांपैकी कोणी वर्गणीदार होऊ इच्छीत असेल तर त्यांनाही १०० रुपयांतच अंक मिळेल. शेवटचे पान सोडून.

रक्कम आपापल्या विभागातील अभ्यासगटाच्या प्रमुखाकडे द्यावी किंवा रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर टेबलावर आणून द्यावी. वही तिथेच असेल. पुढील तीन अंक रूथच्या ग्रंथावर आहेत, आणि शेतात पडलेली कणसे वेचण्याच्या हक्काविषयी ज्या आजी-आजोबांना आपल्या वाडीतील जुन्या चालीरीती आठवत असतील, त्यांनी त्या लिहून किंवा नातवंडांकडून लिहवून घेऊन पेटीत टाकाव्यात. अक्षर कसेही असले तरी चालेल.